अडवलेलं आवतन

येळवस चार दिवसांवर आली होती, पण चन्नम्माचं चित्त ना भाजीत होतं ना भांड्यांत. ते फोनमध्ये अडकून पडलं होतं.

सास्तूरच्या अंगाला असलेल्या त्या गावात मार्गशीर्षातली ही अमावस्या म्हणजे वर्षाचा राजा दिवस. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही, सगळं गाव शिवारात असतं. कडब्याची कोप म्हणजे खोपी घालायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, आणि मग आंबील, सगळ्या भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर असं पोटाला तडस लागेपर्यंत जेवायचं. बांधावरून अनोळखी माणूस चालला असला तरी त्याला हाक मारून पंगतीला बसवायचं. दिवस मावळताना कडब्याची पेंढी पेटवायची आणि ती हातात धरून उभ्या पिकाभोवती पळायचं. त्याला हेंडगा म्हणतात. म्हातारी माणसंसुद्धा त्या दिवशी गुडघे विसरतात.

चन्नम्माची धाकटी बहीण भुवनेश्वरी मुरुमला दिलेली. दर येळवसला ती नवरा, सुना, नातवंडं असं सगळं लटांबर घेऊन अक्काच्या शेतात यायची. गेल्या वर्षीही आली. येताना आंबील घेऊन आली, पण मडक्यातून नव्हे, पाण्याच्या प्लास्टिकच्या कॅनमधून. यष्टीत मडकं फुटतं, हे तिचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पण चन्नम्माच्या जिभेला हाड कुठलं! पंगत बसलेली, सोयरेधायरे ऐकत असलेले, आणि ही म्हणाली, "भुवने, हे आंबील हाय का पांडवास्नी लावून उरलेला चुना?"

पंगत हसली. भुवनेश्वरी हसली नाही. तिनं कॅनचं झाकण घट्ट लावलं, कॅन काखोटीला मारला आणि हेंडगा व्हायच्या आत लटांबरासकट चालती झाली.

चन्नम्मा बांधावर उभी राहून ओरडली, "जा, जा! आता मी आदी फोन केला तर बापाचं नाव सांगणार न्हाय!"

"बाप माझाबी त्योच हाय!" तिकडून उत्तर आलं. "मीबी करणार न्हाय!"

झालं. दोघी एकाच बापाच्या लेकी, दोघींनी शब्द पाळला. संक्रांत गेली, पंचमी गेली, दिवाळी गेली. दोघींचे नवरे एकमेकांशी पावसापाण्याचं बोलत. पण "ती हाय का जवळ?" असं कुणी विचारलं की दोन्हीकडून "न्हाय, मळ्यात गेलीया" हेच उत्तर. दोघी वर्षभर मळ्यात होत्या.

आता भज्जीला भाज्या निवडताना चन्नम्माच्या लक्षात आलं की आपण नेहमीच्याच मापानं निवडतोय. मुरुमचं लटांबर धरून. हात थांबला. एवढं खाणार कोण?

तिनं सहावीतल्या नातीला हाक मारली.

"निकिता, मेसेज म्हंजी फोन का गं?"

"फोनवरनंच जातो की, आजी."

"तसं न्हाय. मेसेज केला, तर फोन केला असं म्हणत्यात का?"

निकितानं विचार केला. "न्हाय. मेसेज केला असंच म्हणत्यात."

"मग शपथ मोडत न्हाय. लिही."

चन्नम्मा पाट्यावर लसूण वाटत सांगत गेली आणि निकिता लिहीत गेली. 'भुवने, येळवसला ये. सगळ्यांना घेऊन ये, कुणाला मागं ठेवू नको. कडब्याच्या पेंढ्या बांधून ठेवल्यात. दिवस मावळला की सगळे मिळून पेटवू.' इथवर झरझर झालं. मग चन्नम्मानं उगीच वरवंटा धुतला. पुन्हा लसूण घेतला. 'गेल्या साली बोलले ते बोलायला नको होतं,' ती म्हणाली. आणि पुढचे दोन शब्द बाहेर यायला उरलेला सगळा लसूण वाटून व्हावा लागला.

"माझं चुकलं."

निकितानं वर पाहिलं.

"बघती काय? लिही आन धाड."

निकितानं बटण दाबलं. फोननं 'पाठवला' असं दाखवलं.

त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चन्नम्मा फोन पदराला बांधल्यासारखा घेऊन हिंडत होती. गाईला वैरण टाकताना बघायची, भाकरी उलथताना बघायची. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं भाज्यांचं टोपलं बाजूला सारलं.

"दगड हाय ती. एवढी मी खाली आले, तरी एक शब्द न्हाय." मग डोळे नातीकडे वळले. "तू नीट लिहिलंतीस का?"

निकिताचा अपमान झाला. शुद्धलेखनात ती वर्गात पहिली होती. "नीटच लिहिलंय! चल, गुरुजींना दाखवू."

रामहरी गुरुजी दोन घरं सोडून राहत. शाळेतून निवृत्त झाले, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर आळीतली पोरं पाटी-पुस्तक घेऊन जमत, आणि पुस्तक सोडून इतर सगळं शिकत. भूकंपानंतर नव्यानं बसवलेलं गाव, गल्ल्या पट्टीनं आखल्यासारख्या सरळ. त्यामुळे गुरुजींचा आवाज पार टोकापर्यंत जाई.

निकितानं फोन पुढे केला. "गुरुजी, तुम्हाला पाठवते. चुका काढून दाखवा."

चन्नम्मानं अडवायच्या आत तिनं तोच मेसेज गुरुजींच्या नंबरवर पाठवला. इकडच्या फोनवर 'पाठवला' आलं. गुरुजींनी आपला फोन हातात धरला, चष्मा वर केला, खाली केला. फोन मुका.

"रेंज नसंल," कोपऱ्यातला युवराज म्हणाला. हा निकिताच्याच वर्गातला.

"तू मला काहीतरी दुसरं पाठव बरं," गुरुजी म्हणाले.

निकितानं लिहिलं, 'गुरुजी चहा घेतला का'. गुरुजींचा फोन लगेच टुणकन वाजला.

गुरुजींच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. गणित अवघड निघालं की त्यांना असंच व्हायचं. "म्हणजे वाट चालू आहे, पण एकच पाहुणा पोचत नाही. चन्नम्माताई, मेसेजात काय आहे?"

"न्हाय सांगणार," चन्नम्मा म्हणाली. "म्हंजी... शेवटचं न्हाय सांगणार."

"नका सांगू. पोरांनो, ठिबकच्या नळीत कचरा अडकला तर काय करता? सगळी नळी उपटता का?"

"न्हाय," पोरं ओरडली. "मधोमध खोलायची!"

"मग?"

"अलीकडच्या अर्ध्यात पाणी येतंय का बघायचं. येत असंल तर कचरा पलीकडं."

"शाब्बास. मेसेज मधोमध खोला."

मग ओसरीवर जे काम सुरू झालं ते पाहून सास्तूरच्या मोठ्या शाळेतल्या प्रयोगशाळेनं मान खाली घालावी. निकिता मेसेजचा एकेक तुकडा पाठवायची आणि पोरं गुरुजींच्या फोनवर कान लावून बसायची. 'भुवने, येळवसला ये' गेलं, टाळ्या झाल्या. शेवटचा तुकडा निकितानं कुणाला न दाखवता, खुद्द गुरुजींनाही डोळे मिटायला लावून पाठवला. तोही पोचला. वाजल्याबरोबर तिनं तो त्यांच्या फोनवरून पुसून टाकला. पेंढ्या बांधून ठेवल्याचं पोचलं. सगळ्यांना घेऊन येणंही पोचलं. पण सगळ्यांना घेऊन येणं आणि दिवस मावळताना पेटवणं एकत्र आलं की फोन गप्प.

"हेंडगा!" युवराज ओरडला. "हेंडग्याला भेलंय!"

"कोण भेलंय?" चन्नम्मानं विचारलं.

गुरुजी फोन चाळत होते. गावातला टॉवर टिटवी नावाच्या कंपनीचा. दिवाळीत कंपनीनं सगळ्यांना एक सूचना पाठवली होती. 'सुरक्षा कवच' आलं आहे, धोकादायक मेसेज आपोआप थांबवले जातील, मंजूर आहे का? खाली बारीक अक्षरांत पुष्कळ काही लिहिलेलं. गावानं ते वाचण्याऐवजी 'मंजूर' दाबलं होतं. गुरुजींनीही.

"ताई," ते सावकाश म्हणाले, "तुमचा मेसेज मुरुमला पोचलाच नाही. कंपनीच्या यंत्रानं वाटेतच अडवला. आणि अडवला हे तुम्हालाही सांगितलं नाही, बहिणीलाही नाही."

चन्नम्माला आधी हायसं वाटलं. भुवना दगड नव्हती! आणि त्या पाठोपाठ असा संताप आला की तिनं ओसरीचा खांब धरला. वर्षभर गिळलेला राग, लसणाबरोबर वाटलेले ते दोन शब्द, आणि ते सगळं कुणीतरी वाटेत खिशात घालून बसलेलं!

एवढ्यात तिचा नवरा गुरुलिंग दुधाची किटली घेऊन चालला होता. गलका ऐकून तो थांबला आणि सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "यात कंपनीचं काय चुकलं?"

चन्नम्मानं नवऱ्याकडे असं पाहिलं की किटलीतलं दूध नासावं.

"अगं, बघती काय? उन्हाळ्यात मला मेसेज आलता का न्हाय, 'आज रात्री तुमची लाईट कापणार, इथं दाबा'? मी दाबायलाच निघालतो. निकिता आडवी आली म्हणून वाचलो. तसले मेसेज कंपनी अडवत असंल तर चांगलंच की. शिवाराला राखणदार लागतोच."

"बरोबर आहे," गुरुजी म्हणाले. गुरुलिंगला याची अपेक्षा नव्हती, तो जरा सावरून उभा राहिला. "राखणदार लागतो. ज्वारीवर पाखरं येतात, चोर येतात. पण अण्णा, समजा तुम्ही राखणदार ठेवला. येळवसच्या दिवशी तुमचा साडू बांधावर आला. राखणदारानं त्याला परस्पर हाकलून दिलं. तुम्हाला सांगितलं नाही, आणि साडूला सांगितलं की मालकानं बोलावलंच नव्हतं."

"त्याच्या तंगड्या मोडीन!"

"का? राखणच करत होता की."

गुरुलिंगनं किटली खाली ठेवली. "पाखरं हाकलायला ठेवलाय, सोयरे हाकलायला न्हाय. आन हाकलायचंच असंल तर मला इचारावं. शेत माझं हाय."

"मग कंपनीनं आधी इचारावं," निकिता म्हणाली. "नुसतं 'हा मेसेज अडवलाय' एवढं तरी सांगावं."

"मग चोरालाबी कळंल की त्याचा अडवलाय," युवराज म्हणाला. "त्यो दुसरा लिहील."

पोरं गुरुजींकडे वळली. गुरुजींनी टोपी काढून डोकं खाजवलं. "युवराज, हा लाखमोलाचा प्रश्न आहे. आणि मला त्याचं उत्तर येत नाही."

गुरुजींना येत नाही म्हटल्यावर पोरं खूश झाली आणि एकदम बोलू लागली. कुणी म्हणालं, ज्याला मेसेज जायचा त्याला विचारा, 'असं असं आलंय, घेऊ का परत धाडू?' कुणी म्हणालं, ज्याला राखणदार पाहिजे त्यानं ठेवावा, नको त्यानं काढून टाकावा. एकीचं म्हणणं, पोस्टमन पाकीट फोडून वाचत नाही, मग यांनी का वाचायचं? "यंत्र वाचतं, माणूस न्हाय," असं युवराज म्हणाला. तर ती म्हणाली, "यंत्रानं माझी वही वाचली तरी मला राग येईल."

"तुझी वही वाचून यंत्र बंद पडंल," युवराज म्हणाला, आणि एक पाटी त्याच्या पाठीत बसली.

"तुमचं चालू द्या," चन्नम्मा म्हणाली. "येळवस परवावर आली. मला त्या कंपनीला फोन लावून द्या. कंपनीला आदी फोन करणार न्हाय अशी काय शपथ घेतली न्हाय म्या."

फोन लागला, पण माणूस लागेना. मराठीसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी चार दाबा, मग बराच वेळ बासरी. बासरीला पोरांनी ताल धरला. शेवटी एक गोड आवाज आला.

"नमस्कार, टिटवीमध्ये आपलं स्वागत आहे. मी सोनाली बोलतेय."

गुरुजींनी आवाज मोठा केला. चन्नम्मानं फोन तोंडासमोर भाकरीसारखा आडवा धरला आणि नंबर सांगून तक्रार मांडली.

"आपला मेसेज आमच्या सुरक्षा कवचानं थांबवलेला दिसतोय. आपल्या सुरक्षेसाठी."

"माझ्या? मला काय झालंय?"

"म्हणजे... समोरच्या व्यक्तीच्या सुरक्षेसाठी."

"तिला काय झालंय? धडधाकट हाय."

पलीकडे कागद उलटल्यासारखा आवाज झाला. "जमाव गोळा करून जाळपोळ करण्याचा उल्लेख असावा, असं यंत्राला वाटलं आहे."

"वाटायचं काय त्यात? पेटवणारच हाय. दरसाल पेटवतो!"

गुरुजींनी कपाळाला हात लावला. पण पलीकडचा गोड आवाज एकदम बदलला, हळू झाला. "मावशी... येळवस का?"

"तू कुठली गं?"

"कळंबची."

"अगं बाई! मग तुला कळतंय की!"

"मला कळतंय, मावशी. पर यंत्राला कोण सांगणार? त्यानं येळवस बघितलीच न्हाय."

"मग तू सोड माझा मेसेज."

"सोडता येतो. पण नियम असा हाय की आधी मी त्यो उघडून वाचायचा. मग त्या बाई तुमच्या कोण, मेसेज कशाबद्दल, असं लिहून वर पाठवायचं. वरचे साहेब वाचून मंजूर करतील. सणाचा हाय म्हणल्यावर करतील, मावशी. उद्यापतोर जाईल."

निकिताचा चेहरा उजळला. गुरुलिंगनं 'झालं काम' अशी मान हलवली. सगळे चन्नम्माकडे बघू लागले.

चन्नम्मा फोनकडे बघत होती. एक 'हो' म्हटलं की काम होणार होतं. पण त्या मेसेजच्या बुडाशी ते दोन शब्द होते. नवऱ्यालासुद्धा तिनं ते ऐकवले नव्हते. गुरुजींना डोळे मिटायला लावले होते. ते आता कुठल्या तरी गार कचेरीत कुणी साहेब चहा पिता पिता वाचणार, आणि खाली 'मंजूर' लिहिणार.

"न्हाय," ती म्हणाली. "वाचू नको."

"मग जाणार न्हाय, मावशी."

"न जाऊ दे. तुझ्यावर राग न्हाय, पोरी. पर मी मान खाली घातली ती माझ्या बहिणीपुढं. वरच्या साहेबापुढं कशापायी घालू? आन आज त्यानं मंजूर केलं, तर उद्या माझ्या लेकीला काय लिहायचं तेबी त्यालाच इचारू का?"

पलीकडे पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. मग सोनाली म्हणाली, "हे म्या लिहून घेते, मावशी. तक्रार म्हणून. वाचतील का न्हाय, ते सांगता येत न्हाय."

"त्यांनी लोकांचे मेसेज वाचायचं सोडून हेच वाचावं. तू येळवसला घरी चाललीस का?"

"रजा न्हाय. पुण्यात हाय मी."

"रजा न्हाय? येळवसला?" कंपनीवरचा चन्नम्माचा राग दुप्पट झाला. "मग तुझ्या नावानं एक उंडा बाजूला काढून ठेवते. कधीबी ये."

नियमानुसार सोनालीनं 'टिटवीला फोन केल्याबद्दल आभार' असं म्हटलं, पण शेवटी हळूच 'मावशी' असं जोडलं.

फोन बंद झाला. गुरुजींनी पोरांना वह्या काढायला सांगितल्या. कंपनीला पत्र लिहायचं होतं. अडवाल तर सांगून अडवा, आणि कवच नको असेल त्याला ते काढून ठेवता येऊ द्या. युवराजचा चोराचा प्रश्नही पत्रात घालायचा ठरला, कारण आपल्याला न सुटलेला प्रश्न लपवायचा नसतो, असं गुरुजींचं मत होतं. पण चन्नम्मा पत्रासाठी थांबली नाही. घरी जाऊन तिनं इरकली लुगडं नेसलं आणि पिशवी काखेत मारली.

"कुठं?" गुरुलिंगनं विचारलं.

"मुरुमला."

"अगं, फोन करायला कमीपणा वाटतोय, आन उमरग्याला गाडी बदलून मुरुमला जायला वाटत न्हाय?"

"शपथ फोनची घेतलीया. यष्टीची न्हाय."

यष्टीत पाय ठेवायला जागा नव्हती. येळवसचा बाजार घेऊन माणसं गावोगाव चालली होती. चन्नम्माच्या मांडीवर कुणाचा तरी भोपळा, पायाशी कुणाच्या तरी वालाच्या शेंगा. ती मनातल्या मनात बोलणं जुळवत होती. मी मेसेज धाडलता, कंपनीनं अडवला. खरं होतं, पण ऐकायला किती खोटं वाटत होतं! हेच जर भुवनानं येऊन मला सांगितलं असतं, तर मी काय म्हणाले असते? 'कंपनीला दुसरा उद्योग न्हाय का?' असंच म्हणाले असते. उमरगा आलं तेव्हा जुळवलेलं सगळं बोलणं मोडलं होतं. मुरुम आलं तेव्हा ते पुन्हा जुळलं, आणि बहिणीचं दार दिसताच पुन्हा मोडलं.

भुवनेश्वरी दारातच सुपात शेंगदाणे पाखडत बसली होती. तिनं वर पाहिलं. सूप क्षणभर थांबलं, मग पुन्हा हलू लागलं.

"कोण पाहिजे?"

"भुवने, मी हाय."

"मी कोण? आमच्याकडं वर्षात कुणाचा फोन न्हाय, निरोप न्हाय. वळखावं कसं?"

"निरोप धाडलता! दोन दिस झाले. मेसेज. त्या टिटवीनं वाटेत अडवला."

"टिटवीनं." भुवनेश्वरीनं टरफलं फुंकून उडवली. "अक्का, लहानपणी माझे चिंचोके खाल्लेस तवा म्हणालीस, कावळ्यानं नेले. म्हातारपणी टिटवी व्हय?"

शेजारच्या दोन बाया कुंपणाशी आल्या. कुणी भाजी निवडायला आणली, म्हणजे मुक्काम ठोकला. आतून सुना डोकावल्या. चन्नम्मानं पिशवीतून फोन काढला, निकितानं शिकवल्याप्रमाणे बोट फिरवून मेसेज काढला आणि पुढे केला. "हे बघ. तारीख बघ."

"माझा चष्मा आत हाय. तूच वाच."

"इथं?"

"मग काय कंपनीत जाऊन वाचतीस?"

चन्नम्मा वाचू लागली. अक्षर अक्षर जुळवत, शाळेतल्या पोरीसारखी. येळवसला ये. सगळ्यांना घेऊन ये, कुणाला मागं ठेवू नको. कुंपणावरच्या बाया माना डोलावू लागल्या. दिवस मावळला की सगळे मिळून पेटवू. भुवनेश्वरीचं सूप थांबलं. गेल्या साली बोलले ते बोलायला नको होतं. आणि मग चन्नम्मा खाकरली, फोन पदरानं पुसला, आणि म्हणाली, "बस. एवढंच."

"खाली अजून दिसतंय काहीतरी."

"काय न्हाय. अक्का म्हणून सही हाय."

"सहीच्या वर." चष्मा नसलेल्या भुवनेश्वरीचे डोळे भलतेच तेज होते. "अक्का, कंपनीनं अडवलं ते अडवलं. आता दारात येऊन तूच अडवतीस व्हय?"

चन्नम्माला एकदम हसू आलं. एवढ्या लांब ती रागाला घेऊन आली होती, साहेबांवर, यंत्रावर, बारीक अक्षरांवर. आणि बघावं तर मेसेज शेवटी अडला कुठं? स्वतःच्याच घशात. तिनं फोन पिशवीत टाकला. वाचायची गरज नव्हती.

"माझं चुकलं," ती म्हणाली, शेजारच्या बायांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "भर पंगतीत बोलले ते चुकलं. आंबील चांगलं होतं, भुवने."

"चांगलं नव्हतं," भुवनेश्वरी म्हणाली. "प्लास्टिकचा वास मारत होता. पर ते तू म्हणायचं नव्हतं."

आणि ती सूप बाजूला ठेवून उठली. दोघी बहिणी दारातच एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि शेंगदाण्यांवर कोंबड्या तुटून पडल्या.

डोळे पुसून झाल्यावर भुवनेश्वरी म्हणाली, "खरं सांगू, अक्का? कंपनीचंबी काय चुकलं म्हणावं? 'माझं चुकलं' आन चन्नम्माच्या फोनवरनं? त्यांना वाटलं असंल, म्हातारीचा फोन कुणीतरी चोरला."

कुंपणावरच्या बाया भाजी टाकून हसल्या. चन्नम्मानं बहिणीच्या पाठीत एक धपाटा घातला, वर्षभराचा साठवलेला, आणि मग दोघी चहाला आत गेल्या. आत बसल्या बसल्या भुवनेश्वरीनं सुनांना कामाला लावलं. ज्वारी दळायला टाका, बाजरी काढा, पोरांचे स्वेटर शोधा. चन्नम्माची परतीची गाडी केव्हाच निघून गेली होती, आणि तिला कुणी जाऊ देणारही नव्हतं.

"घरी कळवाय पाहिजे," चन्नम्मा म्हणाली आणि नवऱ्याला फोन लावला.

"काय झालं?" गुरुलिंगचा आवाज आला. मागे पोरांचा गलका होता, गुरुजींच्या पत्रावरून बहुतेक अजून भांडणं चालली होती. "ऐकलं का न्हाय भुवनानं?"

चन्नम्मानं तोंड उघडलं, पण भुवनेश्वरीनं फोन ओढून घेतला.

"दाजी, मी बोलतेय. आमी सोळा माणसं येतोय, आन शेजारच्या दोघी बी. कोप मोठी घाला. गेल्या साली माझं निम्मं अंग उन्हात होतं."

"सोळा?" पलीकडून आवाज फाटला. "अगं, एवढा कडबा कुठनं आणू?"

"ते तुमचं तुमी बघा," भुवनेश्वरी म्हणाली आणि फोन बहिणीच्या हातात दिला. "अक्का, साखर किती घालू तुला?"